कानशीला तेल लावत नाहीत

मी कानस बोलतेय. लोखंड घासायची कानस. आवाज खरखरीत लागेल, त्याला माझा इलाज नाही. गोड गळे दुसऱ्यांना वाटून झाल्यावर माझ्या वाट्याला दात आले, तेही तिरपे आणि दोन्ही अंगांना. स्वभावाचंही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. मी जळकुकडी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

माझा जन्म कोकणातल्या एका कारखान्यातला. पोलादाची पट्टी तापवली, ठोकली, छिन्नीने अंगभर दात पाडले, पुन्हा लालभडक केली आणि मिठाच्या पाण्यात बुडवली. तेव्हापासून मी अशी कडक. खोक्यात आम्ही बऱ्याच बहिणी होतो, पण प्रेम वगैरे काही नव्हतं. खोकं उघडल्यावर आधी कोण उचललं जाणार, एवढीच काळजी.

मी आले परळच्या एका टेक्निकल हायस्कुलात. तिथे आठवीपासूनच मुलांच्या हातात हत्यारं देतात. पुस्तकंही असतात, पण आठवड्यातले काही तास निळा कोट घालून वर्कशॉपमध्ये यावं लागतं. शाळेलाच बारावीपर्यंतचा तांत्रिक वर्ग जोडलेला आहे. इथून निघालेली मुलं गोदीत लागतात, लिफ्टच्या कंपन्यांत लागतात, कोणी एसी दुरुस्तीला जातं, कोणी पुढे डिप्लोमा करतं. अठराव्या वर्षी पोरगं कामाला लागलं की घरचे पेढे घेऊन येतात. ते पेढे ऑफिसात वाटतात, वर्कशॉपमध्ये वाटतात, लेथ मशीनपुढेसुद्धा एक ठेवतात. कानशीपुढे आजवर कोणी ठेवलेला मी पाहिला नाही.

वर्कशॉप शिकवणारे अजित सर. त्यांनीच माझ्या शेपटीला आंब्याच्या लाकडाची मूठ बसवली. माणूस चांगला, पण पक्षपाती. सकाळी आले की तेलाची कुपी घेऊन आधी लेथकडे. त्याचे गिअर, त्याचा चक, सगळीकडे थेंब थेंब. मग ड्रिल मशीन. मग कपाटातून व्हर्नियर काढायचा आणि मऊ फडक्याला तेलाचं बोट लावून त्याला पुसायचं.

हा व्हर्नियर मला फार खुपायचा. तो निळ्या मखमलीच्या डबीत झोपतो. काम काय, तर जबडा उघडायचा, मी घासून ठेवलेल्या वस्तूला चिमटा काढायचा आणि माप सांगायचं. घाम मुलांनी गाळायचा, दात मी झिजवायचे आणि पास की नापास हे यांनी ठरवायचं. आयत्या बिळावर नागोबा.

मला तेल का नाही, हे सर दरवर्षी आठवीच्या नव्या मुलांना सांगत. "हे बघा, कानशीला कधी तेल लावायचं नाही. तेल लागलं की दात घसरतात, लोखंड पकडतच नाहीत. आणि दातांत कीस अडकू नये म्हणून खडू चोळायचा. समजलं?"

मुलं मान डोलवायची. मग वर्गातल्या फळ्याखाली पडलेला खडूचा उरलेला तुकडा आणून माझ्या अंगावर चोळायची. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्यांना तेल आणि मला खडू, हे रोज बघायचं म्हणजे किती गिळायचं. दसऱ्याला लेथच्या गळ्यात झेंडूचा हार, व्हर्नियरच्या डबीवर हळदकुंकू, आणि आम्हा सगळ्या कानशींना एका ट्रेमध्ये निजवून मिळून एक फूल. ते फूलही नेमकं दुसरीच्या अंगावर पडायचं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी शाळेत कॉम्प्युटर लॅब झाली. पडद्यावर सीएनसी मशीन चालवायला शिकवतात. आकडे टाकायचे, बटण दाबायचं, आणि पडद्यातलं लोखंड पडद्यातच कापलं जातं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. लॅबला एसी, आम्हाला घरघरणारा पंखा. तास बदलला की मुलं तिकडे पळत सुटायची. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

आता जुईबद्दल सांगते. खरं तर हे सगळं तिच्यासाठीच सांगायला बसलेय.

जुई कर्णिक गिरगावातली. आठवीत आली तेव्हा तिची बोटं वहीत लिहायच्या सवयीची होती, मधल्या बोटावर पेनाचा घट्टा. सरांनी सगळ्यांना लोखंडाचे ओबडधोबड तुकडे दिले आणि चौकोनी करायला सांगितलं. ट्रेमधून तिने मला उचललं. का, ते तिलाच माहीत. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिने रुमाल बांधला आणि घासत राहिली. काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचा, मध्ये उजेड दिसला की पुन्हा घासायचं. उजेड दिसायचा बंद झाला त्या दिवशी ती एकटीच हसली. मग बॉलपेनने माझ्या मुठीवर कोरून कोरून "जुई" असं लिहिलं.

तेव्हापासून मी तिची झाले. ती माझी झाली का, हा माझ्या जळफळाटाचा विषय आहे. कारण ती लॅबमध्येही जायची, आणि तिथेही हुशार होती. तिच्याच वर्गातला ध्रुव हातकामात कंटाळायचा. तो म्हणायचा, "हाताने घासत बसायचं म्हणजे टाइमपास आहे गं. मशीन दोन मिनिटांत करून देते."

"देते ना," जुई म्हणायची. "पण मशीनला काय सांगायचं ते तुला कळायला पाहिजे की नको?"

मला वाटायचं, ती माझी बाजू घेतेय. मग तास झाला की तीही त्याच्यामागोमाग लॅबमध्ये जायची आणि मी लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाइसशेजारी पडून राहायचे.

बारावीत असताना एक गोष्ट ठरायची होती. शिवडीला जहाजांचे पंप बनवणारी एक कंपनी आहे. ती दरवर्षी आसपासच्या शाळांतून थोडी मुलं निवडते. बारावी झाली की जूनपासून तीन वर्षं शिकाऊ म्हणून घेते, पगार देते आणि संध्याकाळचा डिप्लोमाही करून देते. तिथे सगळं काम सीएनसीवर चालतं. तरी निवडीची परीक्षा मात्र हाताने घ्यायची. एका पट्टीत खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारी जीभ. दोन्ही कानशीने घासून एकमेकींत बसवायच्या, मध्ये उजेड दिसता कामा नये. येताना आपापली हत्यारं आणायची. परीक्षेचा दिवस होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

सरांनी मला जुईच्या हातात दिलं. "घरी ने. स्टॉकमधून हिला केव्हाच काढलंय. रोज तासभर हात चालव."

अशी मी परळहून गिरगावात आले. चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जुईने स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला छोटा व्हाइस बसवला. तिची आई, इरावती, आधी टेबलाखाली वर्तमानपत्र अंथरायची आणि मग पोळ्या लाटायला घ्यायची.

बोलायचे ते तिचे बाबा. गुरुदत्त कर्णिक, फोर्टात विमा कंपनीच्या ऑफिसात. त्यांचे वडील ऑफिसात, आजोबा ऑफिसात. या घरात लेखणी सोडून दुसरं हत्यार कोणी हातात धरलेलं नव्हतं. काचेच्या कपाटात वडिलांचं काळं फाउंटन पेन ठेवलेलं. दर रविवारी बाबा ते उघडायचे, कोमट पाण्यात निब धुवायचे, मलमलच्या फडक्याने टिपायचे, उजेडात धरून बघायचे. त्या पेनाचे लाड बघून व्हर्नियरचे परवडले, असं मला झालं. ते पेन काही लिहीत नव्हतं, बरं का. शाई भरतच नव्हते त्यात. काम शून्य आणि थाट राजाचा.

"सगळ्या चाळीला ऐकू जातं," बाबा एकदा म्हणाले. "खर्र खर्र. लोक विचारतात, तुमच्याकडे काय चाललंय."

"सांग ना, मुलगी काम शिकतेय."

"काम ऑफिसातही असतं, जुई."

"माहितीये, बाबा. पण मला हे आवडतं. एवढं साधं आहे."

"आवडणं ठीक आहे. पंधरा वर्षांनी पाठ दुखायला लागेल तेव्हा काय? आपल्याकडे कोणी केलंय का हे?"

"कोणीतरी पहिलं असतंच ना," इरावती पोळी उलटत म्हणाली.

शेवटी बापलेकीत ठरलं. बाबा म्हणाले, "परीक्षा दे. निवड झाली तर मी अडवणार नाही. नाही झाली तर कॉमर्सला जायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," जुई म्हणाली. मग तिने मला उचललं आणि त्या दिवशी इतकं घासलं की मूठ तिच्या हातात गरम झाली.

दसऱ्याची सकाळ. जुई आणि इरावती झेंडू आणि आपट्याची पानं आणायला खाली गेल्या होत्या. बाबा आंघोळ करून पूजेची तयारी करत होते. पाटावर पाटी ठेवली होती, तिच्यावर एकचे आकडे काढून सरस्वती रेखली होती. बाजूला जुईची पुस्तकं आणि अर्थातच ते पेन, स्वच्छ धुतलेलं. मी टेबलावर वर्तमानपत्रावर पडून तिकडे बघत होते. आज पण त्याचीच पूजा, असं मनात चाललं होतं.

बाबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते जवळ आले. घरात आल्यापासून त्यांनी मला हात लावला नव्हता. त्यांनी मला उचललं, तोलून बघितलं, मुठीवरचं "जुई" वाचलं.

"तुझाही आज मान असतो ना गं," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी इरावतीच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची बाटली काढली. पेनाचं ते मलमलचं फडकं घेतलं, तेच, दुसरं नाही. त्यावर तेल घेतलं आणि मला पुसायला लागले. एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने, कडांना, प्रत्येक ओळीतून. लेखणी पुसणारा हात तो, घाई म्हणून नाही. तेल माझ्या दातांच्या मुळापर्यंत गेलं. माझ्या आयुष्यात मला असं कोणी हाताळलं नव्हतं.

नियम मला पाठ होता. तो ऐकतच मी म्हातारी झाले. पण त्या घटकेला नियम कोणाला आठवतो. लेथला रोज मिळतं ते मला एकदा मिळालं होतं. त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं आणि पाटावर पेनाच्या शेजारी ठेवलं. पेनाच्या पुढे, म्हणजे देवाच्या जवळ. मी तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघून घेतलं.

जुई फुलं घेऊन आली आणि दारातच थांबली. पाटावरच्या माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा आपट्याची पानं नीट करत राहिले. जुईचे डोळे भरून आले. पूजेत ठेवलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, म्हणून तिने मला हात लावला नाही, फक्त एक झेंडूचं फूल माझ्या मुठीपाशी ठेवलं. अख्खं फूल, माझ्या एकटीचं. त्या दिवशी सराव झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच माझं हळदकुंकू पुसलं, मला फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या बॅगेत ठेवलं.

शिवडीच्या कंपनीतही आदल्या दिवशी दसरा झाला होता. मशीनना हार, दारांना तोरणं, उंबऱ्यापाशी मोठी पांढरी-गुलाबी रांगोळी. ट्रेनिंग बघणाऱ्या देविका मॅडमनी सगळ्यांना पट्ट्या वाटल्या. ध्रुव जुईच्या शेजारच्या व्हाइसवर होता. घंटा झाली. जुईने पट्टी आवळली, मला फडक्यातून काढलं आणि पहिला हात मारला.

मी घसरले.

दुसरा हात. पुन्हा सुळकन पुढे गेले, लोखंडावर एक ओरखडासुद्धा नाही. आसपास सगळ्यांच्या कानशी खरखरत होत्या आणि माझा आवाजच बंद. जुईने जोर लावला. मी कडेवरून अशी सटकले की तिची बोटं व्हाइसवर आपटली. तेव्हा तिने मला नाकापाशी नेलं. शिलाई मशीनच्या तेलाचा वास तिला ओळखू आला.

"बाबा," ती इतकं हळू म्हणाली की मलाच ऐकू आलं.

"काय झालं?" ध्रुवने विचारलं.

"घसरतेय. तेल लागलंय हिला."

"तेल? कानशीला? कोणी लावलं?"

"घरी पूजा होती काल."

ध्रुवने आपली कानस बोटाने चाचपून बघितली. त्याच्या घरीही पूजा झाली असणार. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी मला बोट लावून बघितलं.

"स्टोअरमधली नवीन कानस देते. पण वेळ वाढवून मिळणार नाही हं."

नवीन कानस आली. निळसर, लखलखीत, एक दात मोडलेला नाही. माझ्या मुठीवर शाईचे डाग, तिची मूठ पिवळीधमक. जुईने ती हातात घेऊन तोलली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लेथ परवडला, पेन परवडलं, लॅब परवडली. ती सगळी आपापल्या जागी होती. ही माझ्या जागी आली होती.

जुईने नव्या कानशीने दोन हात मारले. नवीने घास घेतला, चांगला मोठा घेतला. तेव्हा जुई थांबली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे, कारण ती वाक्यं सरांची. जाड काम नव्या कानशीने, पण शेवटचं केसभर काढायचं असतं तेव्हा नवी जास्त खाते, तिथे वापरलेली लागते. आणि जिभेचा खाचेशी मेळ त्या केसभरातच असतो.

"मॅडम, खडू मिळेल?"

"खडू? इथे व्हाइटबोर्ड आहेत बाळा. खडू कुठला आता."

जुईने दाराकडे बघितलं. "मग ती रांगोळी थोडी घेतली तर चालेल?"

मॅडमना आधी कळलंच नाही. मग कळलं. "घे, पण पटकन."

ती धावत गेली. उंबऱ्याशेजारी रांगोळीची अर्धी पिशवी तशीच ठेवलेली होती. मूठभर आणली, गुलाबी-पांढरी, जशी हाताला आली तशी. माझ्या दोन्ही अंगांवर चोळली, वायर ब्रशने दात झाडले, पुन्हा रांगोळी घातली आणि मला तशीच माखलेली टेबलावर ठेवली. तेल शोषायला वेळ लागतो. तोवर तिने नवी उचलली.

त्या वेळेइतकी मी कधीच जळले नाही. भट्टीत जळले ती गोष्ट वेगळी. मी रांगोळीत लोळलेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत जुईचे दोन्ही हात दुसरीवर. पुढे जाताना जोर द्यायचा, मागे येताना हलकं सोडायचं, सगळं तिने माझ्याबरोबर शिकलेलं. ते सगळं ती नवीला आयतं देत होती. आणि नवी काम करत होती, वाईट म्हणजे चांगलं काम करत होती. खाच तयार झाली, जीभ तयार झाली, पण एकमेकींत जाईनात. केसभर जास्त होतं.

मुलं एकेक करून पट्ट्या जमा करू लागली. ध्रुवही उठला. जुईने नवी खाली ठेवली, मला उचललं, झटकलं, ब्रशने दात पुन्हा एकदा साफ केले. मग तिने मला जिभेच्या कडेवर ठेवलं.

मी पकडलं. ते खर्र ऐकून जुईने श्वास सोडला. एक हात, मग खाचेत घालून बघायचं. पुन्हा एक हात, पुन्हा बघायचं. चाळीतल्या टेबलावर हेच आम्ही केलेलं. कुठे थांबायचं ते तिला माहीत होतं आणि मलाही. शेवटी जीभ खाचेत सरकली आणि बसली.

मॅडमनी पट्ट्या खिडकीकडे धरल्या. बराच वेळ बघितलं. मग व्हर्नियर काढला, कारण त्याच्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही.

"या कोपऱ्यात गुलाबी काय आहे?"

"रांगोळी, मॅडम."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "कळवू."

घरी आल्यावर बाबांनी दारातच विचारलं, "कानस नीट चालली ना?"

जुईने त्यांच्याकडे बघितलं. "चालली," ती म्हणाली.

मग सुरू झाला बाबांचा कौतुकसोहळा. गॅलरीत शेजारचे हेरंबकाका भेटले की, "अहो, मी स्वतः तेल दिलं होतं तिच्या कानशीला. हत्यार कसं सज्ज पाहिजे." दूधवाल्याला तेच, ऑफिसातल्या माणसाला फोनवर तेच. मुलीच्या कामाबद्दल ते पहिल्यांदाच चार लोकांत बोलत होते. मला तोंड असतं तर मी एका वाक्यात त्यांची हवा काढली असती. जुईला तोंड होतं, पण ती ऐकून घ्यायची आणि आत निघून जायची.

दिवाळीच्या आधी अजित सरांचा फोन आला. जुईची निवड झाली होती, ध्रुवचीही. इरावतीने साखरेचा डबाच उघडला आणि सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. बाबा उठले. मशीनच्या खणातून तेलाची बाटली काढली, मला उचललं आणि फडकं शोधू लागले.

जुईने त्यांच्या हातातली बाटली हळूच काढून घेतली.

"बाबा, कानशीला तेल लावत नाहीत."

"म्हणजे?"

"तेलाने दात घसरतात. हिला खडू लावतात."

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते स्टुलावर बसले. "मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी घसरली. तिथे रांगोळी होती, तिने तेल ओढून घेतलं. झालं मग."

"माझ्यामुळे तुझी निवड गेली असती."

"गेली नाही ना पण."

"आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगत होतास ना," जुई म्हणाली. "मला ते ऐकायचं होतं."

बाबा मला मांडीवर घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून खडूचा पूर्ण डबा आणला. "रोज लावायचा का हिला?" त्यांनी विचारलं. पेनाला रविवारचा मान होता, मला आता रोजचा मिळाला. काचेच्या कपाटातून ते बघत असेल, अशी मी मनाची समजूत करून घेतली.

जूनमध्ये जुई कंपनीत रुजू झाली. ती सीएनसीवर काम शिकतेय. संध्याकाळी हाताला मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा वास घेऊन येते, कधी ध्रुवशी फोनवर मशीनचीच भाषा बोलत बसते. कंपनीने तिला नवीन हत्यारांची पेटी दिली आहे. त्यात एक कानस आहे. हो, तीच पिवळ्या मुठीची जात. मी मधून मधून घरचं काही घासून देते, एकदा कपाटाची किल्ली, एकदा विळीचा पाय. पण माझे दात आता बोथट झालेत. लोखंडावर ठेवलं की मी नुसती फिरते. हे मला जुईच्या आधी कळलं होतं, मी सांगितलं नाही एवढंच.

यंदा पुन्हा दसरा झाला. पाटी, सरस्वती, पेन. जुईने पेटीतली नवी कानस आणून पाटावर ठेवली, शेजारी मला. बाबांनी खडूचा डबा उघडला. नवीला उचललं आणि दोन्ही अंगांना खडू चोळला, एका लयीत, सगळीकडे सारखा. वर्षभरात हात चांगला बसलाय त्यांचा.

"बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम," जुई म्हणाली.

मग त्यांनी मला उचललं आणि खडू माझ्यावर टेकवला. जुईने त्यांच्या मनगटाला हात लावला.

"बाबा, हिला नको." तिने माझ्या बोथट दातांवरून बोट फिरवलं. "हिला तेल लाव. आता चालेल. नाहीतर गंज धरेल."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खडू डब्यात ठेवला. खणातून बाटली काढली, पेनाचं फडकं घेतलं आणि मला पुसायला बसले. एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने, प्रत्येक ओळीतून, आणि या वेळी जुईही शेजारी बसली होती. तिने मुठीवरचं आपलं नाव अंगठ्याने पुसून स्वच्छ केलं.

जन्मभर ज्या तेलासाठी मी लेथवर जळले, व्हर्नियरवर जळले, ते मला पोटभर मिळालं. आता मी काचेच्या कपाटात असते, पेनाच्या शेजारी. आमचं बरं चाललंय, त्यालाही फारसं काम नाही. कधी गिरगावात कर्णिकांकडे आलात तर मला बघायला जरूर या. एकच विनंती आहे. येताना खिशात खडूचा एखादा तुकडा असू द्या, आणि कोणाचं लक्ष नसताना माझ्या अंगावरून फिरवा. काचेतून मला रोज सकाळी दिसतं, जुई निघताना पेटी उघडते, नवी कानस हातात घेते आणि तिला खडू लावते.